लांब वस्तूचे खोके

आम्ही एकदा नातवाला बासरी पाठवली. बासरी ७५ सेंटिमीटर लांब, खोके त्याहून आखूड. तिरपी घातली तेव्हा बसली. पण वाटेत खोक्याचा कोपरा फाटला अन् बासरीला तडा गेला. पोरगं हिरमुसलं. चूक आमचीच होती.

मग भले मोठे खोके घ्यावे का? तेही नको. आत वस्तू हलते, आपटते. शिवाय पैसे जास्त पडतात. बरेच कुरिअरवाले खोक्याचा आकारही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणतात आणि ५००० ने भागतात. येतील तितके किलो धरतात. खरे वजन आणि हे वजन, यांत जास्त असेल त्याचे पैसे घेतात.

हिशेब करून पाहा. खोके ८५, १०, १० चे असेल तर १.७ किलो. ८५, ४०, ४० चे असेल तर २७.२ किलो! बासरी मात्र तीच.

म्हणून आधी वस्तू मोजा. सगळीकडून चार-पाच सेंटिमीटर जागा ठेवा. मार टोकांना बसतो. तिथे कागद, चिंध्या घट्ट कोंबा. खोके बंद करून हलवून पाहा. आत काही वाजले तर पुन्हा उघडा.

दुसरी बासरी आम्ही अशीच पाठवली. ती सुखरूप पोचली.