विश्लेषण : महागडा माइक घेऊनही आवाज ‘घरगुती’च का वाटतो?

पॉडकास्ट, ऑडिओबुक, कवितावाचन, गाण्यांचे कव्हर... ध्वनिमुद्रण आता घरातल्या टेबलापर्यंत आले आहे. त्यासाठी पहिली खरेदी होते ती बहुधा कंडेन्सर माइकची; स्टुडिओच्या छायाचित्रांत तोच दिसतो म्हणून. पण घरी ऐकून पाहिले, की आवाजाबरोबर पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरची शिटी आणि भिंतींवरून परतणारा घुमारा. माइक बिघडलेला नसतो. तो सगळे ऐकतो, एवढेच.

कंडेन्सर आणि डायनॅमिकमध्ये फरक काय?

डायनॅमिक माइकमध्ये आवाजाने पडदा हलतो, त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी चुंबकाजवळ हलते आणि वीज तयार होते. कंडेन्सरचा पडदा याहून खूप हलका असतो. त्याच्यामागे धातूची चकती असते आणि दोघांतले अंतर बदलले की विद्युत संदेश बदलतो. त्याला साधारणपणे ४८ व्होल्टची ‘फँटम पॉवर’ द्यावी लागते. हलक्या पडद्यामुळे श्वास, ‘स’ची धार, तानपुऱ्याची जवारी असे बारकावे तो सुरेख टिपतो. शांत आणि ध्वनिशोषक भिंतींच्या खोलीत हे वरदानच. टाइल्स, काचा आणि मोकळ्या भिंतींच्या दिवाणखान्यात मात्र खोलीही तितक्याच स्पष्टपणे मुद्रित होते.

डायनॅमिक माइक म्हणजे कमी दर्जा?

मुळीच नाही. ‘थ्रिलर’ (१९८२) या अल्बमसाठी ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडीन यांनी मायकल जॅक्सनचे गायन शुअर कंपनीच्या ‘एसएम ७’ या डायनॅमिक माइकवर टिपले. त्याचाच वारसदार ‘एसएम ७बी’ आज असंख्य पॉडकास्टमध्ये दिसतो. त्याची एक अडचण विक्रेते क्वचितच सांगतात. त्याचा संदेश इतका क्षीण असतो, की बोलण्यासाठी सुमारे ६० डेसिबल गेन लागतो. स्वस्त ऑडिओ इंटरफेस इतका गेन देताना स्वतःच सळसळू लागतो. म्हणजे माइकच्या किमतीत इंटरफेसचा खर्चही धरावा लागतो. मंचावर सर्वत्र दिसणारा, १९६६ पासून बाजारात असलेला ‘एसएम ५८’ बराच स्वस्त पडतो आणि निवेदनासाठी पुरेसा चांगला आहे. यूएसबी माइक थेट लॅपटॉपला जोडता येतो. एकट्याने बोलायचे असेल तर तेवढ्यावर भागते.

अंतराने काय साधते?

बरेच काही, आणि तेही फुकट! तोंड आणि माइक यांतले अंतर ३० सेंटीमीटरवरून १५ वर आणले, की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. फार जवळ गेल्यास खर्ज फुगतो आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात. त्यासाठी पॉप फिल्टर लावावा, माइक किंचित तिरपा धरावा. बहुतेक माइक ‘कार्डिऑइड’ असतात, म्हणजे पाठीमागून कमी ऐकतात. ती पाठ खिडकीकडे किंवा पंख्याकडे करावी.

खरेदीआधी खोली कशी तपासावी?

ऑडिबलच्या ‘एसीएक्स’ व्यासपीठाच्या निकषानुसार ऑडिओबुकमधील शांततेची पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली असावी लागते. वाचन कितीही उत्तम असले, तरी या अटीवर ध्वनिफीत परत येऊ शकते. म्हणून दुकानात जाण्याआधी फोनवर अर्धा मिनिट निव्वळ शांतता आणि शेवटी एक टाळी मुद्रित करा. हेडफोन लावून ऐका. टाळीमागे शेपटी उरत असेल, तर जाड पडदे, गाद्या, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट यांचा आधी उपयोग करा. बंद न होणारी घरघर ऐकू आली, तर डायनॅमिक घ्यावा. दोन्ही नसेल, तरच कंडेन्सरवर पैसे घालावेत. तेही शक्य असल्यास एक दिवस भाड्याने आणून, त्याच खोलीत स्वतःचा आवाज ऐकल्यावर.