पॅकेजांमधील विरोध व त्याचे निराकरण

लिनक्स प्रणाली ही एकसंध वस्तू नव्हे. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या प्रणालीचे उदाहरण घेतले, तर ती हजारो पॅकेजांची मिळून बनलेली आहे असे दिसून येईल. प्रत्येक पॅकेजाबरोबर एक टिपण असते. आपणास कोणती अन्य पॅकेजे आवश्यक आहेत, त्यांची आवृत्ती कोणती असावी आणि कोणाबरोबर आपण एकत्र नांदू शकत नाही, हे त्यात नमूद केलेले असते. प्रणाली अद्ययावत करताना एपीटी हे साधन ही टिपणे वाचून सर्वांच्या अटी एकाच वेळी पूर्ण होतील असा मेळ शोधते. तो बसला नाही, म्हणजे विरोध उद्भवतो.

हा विरोध नेहमीच दोषामुळे निर्माण होतो असे मात्र नाही. जुन्या ३२-बिट रचनेत काळ हा १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांनी मोजला जातो आणि २,१४,७४,८३,६४७ या संख्येपलीकडे ही गणना जाऊ शकत नाही. १९ जानेवारी २०३८ रोजी ती मर्यादा संपेल. म्हणून २०२४ साली डेबियनने काळाची नोंद ६४ बिटांची करण्याचे काम हाती घेतले. जुनी आज्ञावली नव्या लायब्ररीशी जोडली गेल्यास काळाची नोंद चुकीची वाचली जाण्याचा धोका होता. तो टाळण्यासाठी शेकडो लायब्ररींच्या पॅकेजांना ‘टी६४’ हा प्रत्यय जोडून नवी नावे देण्यात आली, आणि जुने व नवे पॅकेज एकत्र राहू नये अशी तजवीज करण्यात आली. साहजिकच, चाचणीच्या शाखेवर काही काळ अद्ययावतीकरण अडून राहिले. येथे विरोध हा अडथळा नसून पहारेकरीच होता.

पहारेकऱ्याचा इशारा न वाचल्यास काय होते, हे २०२१ सालच्या एका प्रसंगावरून ध्यानात येईल. एका वापरकर्त्याने खेळांचे एक पॅकेज बसविण्याची आज्ञा दिली. पॅकेजाच्या रचनेतील चुकीमुळे पडद्यावरील संपूर्ण कार्यपटलच काढून टाकण्याची योजना एपीटीने पुढे मांडली व स्पष्ट संमती मागितली. ती दिली गेली आणि कार्यपटल नाहीसे झाले. त्यानंतर अशी संमती सहजासहजी देता येऊ नये, असा बदल एपीटीमध्ये करण्यात आला.

तेव्हा विरोध उद्भवल्यास प्रथम ‘काढली जाणारी पॅकेजे’ ही यादी वाचावी. ‘अपग्रेड’ ही आज्ञा बसविलेले कोणतेही पॅकेज काढीत नाही. ‘फुल-अपग्रेड’ मात्र काढू शकते. म्हणून आधी पहिली आज्ञा द्यावी, आणि दुसरीचा परिणाम ‘सिम्युलेट’ या पर्यायाने प्रत्यक्ष बदल न करता पाहून घ्यावा. नंतर कारण शोधावे. एखादे पॅकेज पूर्वी आपणच ‘होल्ड’ करून रोखून ठेवले आहे काय? बाहेरच्या भांडारातून घेतलेले एखादे पॅकेज जुन्याच लायब्ररीची मागणी करीत आहे काय? कोणती आवृत्ती कोठून आली, हे ‘एपीटी पॉलिसी’ या आज्ञेने कळते. अडविणारे पॅकेज सापडले, की त्याची नवी आवृत्ती घ्यावी, ते काढावे अथवा, शाखा चाचणीची असल्यास, काही दिवस थांबावे.

बळजबरीने बसविण्याचा मार्गही उपलब्ध असतो. परंतु त्यामुळे विरोध मिटत नाही, केवळ दृष्टीआड होतो.