शेवटच्या ओळी गेल्या कुठे?

प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्टने कोसळला की लॉगमधल्या नेमक्या शेवटच्याच ओळी गायब! कारण फाइलमध्ये लिहिताना प्रिंटएफ मजकूर आधी प्रोसेसच्याच बफरमध्ये साठवतो; प्रोसेस मेली की तोही गेला. दर ओळीला एफफ्लश केलं तर मजकूर कर्नलकडे पोचतो, क्रॅशनंतरही टिकतो. (वीज गेली तर मात्र एफसिंकच हवं.) पण मग ८ थ्रेड एकाच लॉकपाशी रांग लावतात, टायमिंग बदलतं आणि कधीकधी बगच लपून बसतो! म्हणून मला एममॅप बरा वाटतो. फाइल शेअर्ड मॅप करायची, त्यात प्रत्येक थ्रेडला वेगळा रिंग बफर द्यायचा. प्रोसेस मेली तरी ती पानं कर्नल सांभाळतो. प्रत्येक नोंदीला सामाईक अॅटॉमिक काउंटरचा क्रमांक द्या, म्हणजे नंतर सगळ्या थ्रेडच्या नोंदी क्रमाने लावता येतात. फक्त लिहिताना आधी जुना क्रमांक शून्य करा, मग मजकूर, आणि नवा क्रमांक सगळ्यात शेवटी. शून्य दिसला की समजायचं, नोंद अर्धवट आहे.