निवृत्तीनंतरचे महर्षी कर्वे

भंडारा जिल्ह्यातल्या गावांत शिक्षक निवृत्त झाला तरी लोक त्याला ‘गुरुजी’च म्हणतात, या संबोधनात गृहीत धरलेली, पगार थांबल्यावरही चालू राहणारी सेवा कशी असते, हे धोंडो केशव कर्वे यांच्या उत्तरायुष्यात विशेष स्पष्ट दिसते. फर्ग्युसन महाविद्यालयात 1891पासून गणित शिकवणारे कर्वे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य, म्हणजे अल्प वेतनावर दीर्घकाळ अध्यापनास बांधलेले शिक्षक होते. दिवसा शिकवून संध्याकाळी चिखलवाटेने, विधवांसाठी स्वतः काढलेल्या आश्रमाचे सामान घेऊन ते पुण्याजवळच्या हिंगण्याला पायी जात. 1914 मध्ये निवृत्त झाल्यावर दोनच वर्षांत त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले आणि 1929 मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्याची माहिती देण्यासाठी व निधी जमवण्यासाठी युरोप, अमेरिका व जपानचा प्रवास केला, पुढे आफ्रिकेचाही. हा प्रवास म्हणजे पर्यटन नव्हते. ती, खरे तर, लांबवर नेलेली झोळी होती. तरीही 1936 मध्ये त्यांचे लक्ष पुन्हा जवळच्या, शाळा नसलेल्या खेड्यांकडे वळले आणि त्यांनी तेथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ उभारले.