दोन दिवसांत खाज घालवणारं क्रीम गजकर्ण बरं करतं की वाढवतं?

जालन्याच्या एमआयडीसीतली एखादी रोलिंग मिल डोळ्यांसमोर आणा. बाहेर एप्रिलचं ऊन चाळिशीच्या पुढे, आत भट्टीची धग. अंगात जाड पँट, पायात बूट आणि शिफ्टभर घाम. घरी येऊन मनसोक्त आंघोळ करावी, तर नळाला रोज पाणी येत नाही. अशात जांघेत खाज सुटते, गोल लालसर चट्टा उठतो. डॉक्टरकडे जायचं तर कामावर खाडा, वर फी, आणि जागा अशी की दाखवायलाही लाज वाटते. मग माणूस थेट मेडिकल गाठतो आणि म्हणतो, "खाजेची ट्यूब द्या."

ट्यूब मिळते. दोन दिवसांत खाज गायब. गडबड सुरू होते ती इथूनच.

भट्टीवरच्या कामगाराचंच नाही, घनसावंगीच्या मोसंबीच्या बागेत राबणाऱ्याचं किंवा दिवसभर घट्ट जीन्स घालून क्लासला बसणाऱ्या पोराचंही हेच होतं. गजकर्ण, नायटा, दाद अशी नावं वेगवेगळी, पण आजार एकच. त्वचेच्या वरच्या थरावर जगणारी ही बुरशी. तिला ऊब आणि ओल लागते, म्हणून जांघ, काख, कंबर, छातीखालची घडी या तिच्या आवडत्या जागा. पावसाळ्यात चिखलात काम करणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्यांमागेही बऱ्याचदा बुरशीच असते.

आता त्या ट्यूबकडे येऊ. मेडिकलवर मिळणाऱ्या अनेक 'ऑल इन वन' क्रीममध्ये तीन प्रकारची औषधं एकत्र असतात: बुरशी मारणारं, जिवाणू मारणारं आणि स्टिरॉईड. खाज झटकन थांबते ती या तिसऱ्यामुळे. बुरशी आली की शरीर तिच्याशी लढतं. लाली आणि खाज ही त्या लढाईचीच खूण. स्टिरॉईड ती लढाईच थंड करतं. त्यामुळे आपल्याला वाटतं बरं झालं, आणि बुरशी मात्र निवांत पसरत राहते. क्रीम बंद केलं की खाज दुप्पट जोराने परत येते. मग पुन्हा तीच ट्यूब.

हे चक्र काही महिने चाललं की गजकर्णाची ओळखीची गोल कड पुसट होते. चट्टा इतका वेगळा दिसायला लागतो की डॉक्टरांनाही चटकन ओळखता येत नाही. वैद्यकीय भाषेत याला 'टिनिया इन्कॉग्निटो' म्हणतात, म्हणजे वेश बदललेलं गजकर्ण. शिवाय कातडी पातळ होते आणि मांडीच्या आतल्या बाजूला गरोदरपणात पोटावर येतात तशा रेषा उमटतात. बुरशी गेली तरी या रेषा सहसा पूर्ण जात नाहीत.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. 2018 मध्ये चौदा स्टिरॉईड क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 328 मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात अशी तीन-चार औषधं एकत्र असलेली काही क्रीमही होती. पण घटक थोडे बदलून नवी ट्यूब बाजारात येतेच, आणि चिठ्ठी विचारणारं मेडिकल किती ठिकाणी भेटतं हे वाचणाऱ्यालाच ठाऊक.

भारतातल्या या बुरशीची चर्चा आता परदेशातही होते. 2020 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या त्वचेवर सापडलेल्या एका बुरशीला नाव दिलं 'ट्रायकोफायटन इंडोटिनी'. टर्बिनाफिन हे एरवी हमखास चालणारं औषध तिच्यावर बऱ्याचदा चालत नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे दोन रुग्ण नोंदवले गेले. ही बुरशी इतकी चिवट आणि पसरट होण्यामागे स्टिरॉईड क्रीमचा बेसुमार वापर आणि अर्धवट सोडलेले उपचार हे मोठं कारण असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात.

मग ट्यूब घेताना बघायचं काय? समोरचं मोठं नाव सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एकही नाव दिसलं तर ते स्टिरॉईड. डॉक्टरांनी लिहून दिलं नसेल तर परत करा. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल, टर्बिनाफिन ही बुरशीची औषधं. ट्यूबमध्ये यातलं एकच असावं, सोबत दुसरं काही नको. इंग्रजी वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्या.

लावायचीही पद्धत आहे. जागा धुऊन आधी पूर्ण कोरडी करायची, ओल्या अंगावर क्रीम चोपडून उपयोग नाही. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढं क्रीम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. फक्त चट्ट्यावर नाही, कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे सरकलेली असते. बहुतेक क्रीम दिवसातून दोनदा, ल्युलिकोनॅझोल एकदा.

आणि सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: चट्टा दिसेनासा झाला की लोक ट्यूब कपाटात टाकतात. त्यानंतरही साधारण दोन आठवडे लावत राहायचं असतं. लिंबू, लसूण किंवा कातडी सोलवटणारी जहाल मलमं जांघेत लावण्याचा प्रयोग तर नकोच, तिथे भाजल्यासारख्या जखमा होतात.

औषध नीट लावलं तरी घरात एकच टॉवेल चौघं वापरत असतील तर आजार फिरत राहतो. टॉवेल आणि आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे हवेत. ते गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे. जालन्यात पाण्याची टंचाई असेल, उन्हाची नाही. कमरेचा करदोडा आणि हातातला दोराही बघा. तो घामाने कायम ओला राहतो आणि बुरशीला आयता अड्डा मिळतो. घरात आणखी कुणाला खाज असेल तर उपचार एकत्रच करावे लागतात, नाहीतर एकाचं बरं होतं आणि दुसऱ्याकडून परत येतं.

काही वेळा क्रीम पुरतच नाही. चट्टे अंगभर पसरलेत, डोक्यात किंवा नखांत बुरशी आहे, आजार पुन्हा पुन्हा उलटतोय, तर पोटातून गोळ्या लागतात. त्या मेडिकलवरून मनाने घ्यायच्या नाहीत. काही गोळ्यांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो आणि दुसऱ्या औषधांशी त्यांचं जमत नाही. मधुमेह, गरोदरपण, लहान बाळ असेल तर सुरुवातच डॉक्टरांपासून करावी. शिवाय प्रत्येक चट्टा गजकर्ण नसतो. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत होतात, पण उशीर झाला तर नसा कायमच्या दुखावतात.

जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत दाखवायला जाताना आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत टाकून न्या. नाव आठवत नाही म्हणून "ती पांढरी ट्यूब" असं सांगण्यापेक्षा ते बरं. आधी स्टिरॉईड लावलंय हे डॉक्टरांना कळलं तर ते खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि मग औषध ठरवतात. क्रीम बंद केल्यावर पहिले काही दिवस खाज वाढू शकते. तेव्हा जुन्या ट्यूबकडे हात जातो. ती त्याआधीच घरातून काढून टाकलेली बरी.