सतराव्या वर्षीची निवड : अमेरिकेतल्या बास्केटबॉलपटू मुली आणि त्यांचं कॉलेज



आजचा विषय वाचून काहींनी मला दारातच गाठलं. "मॅडम, तत्त्वज्ञान सोडून बास्केटबॉलकडे कधी वळलात?" प्रश्न रास्त आहे. त्याचं असं झालं. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. त्याची मुलगी तिथेच जन्मली, तिथेच वाढली. सहा फूट उंच, शाळेच्या संघात उत्तम खेळणारी. तीन वर्षांपूर्वी त्याचा फोन आला. चार कॉलेजांनी मुलीला पूर्ण शिष्यवृत्ती देऊ केली होती. म्हणाला, "मॅडम, तुम्ही आम्हाला तर्कशास्त्र शिकवलंत. आता सांगा, यातलं कुठलं घ्यावं?" मी म्हटलं, "अरे, मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण थांब, आधी समजून घेते." ते समजून घेताना जे हाती लागलं, ते आज मांडते.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. मुलींसाठी ही निवड मुलांपेक्षा जड असते. का? अमेरिकेतला असामान्य मुलगा कॉलेजात एखादं वर्ष खेळतो आणि एनबीएमध्ये जातो. मुलींच्या व्यावसायिक लीगचा, म्हणजे डब्ल्यूएनबीएचा, नियम वेगळा राहिला आहे. अमेरिकी खेळाडूनं साधारणपणे वयाची 22 वर्षं गाठलेली असावीत किंवा पदवी घेतलेली असावी. म्हणजे कॉलेज हे मुलासाठी प्लॅटफॉर्म असेल, तर मुलीसाठी ते घर आहे. चार वर्षांचं.

आणि पुढे तरी काय? थोडं गणित करू. पहिल्या श्रेणीत महिलांचे 350हून अधिक कॉलेज-संघ आहेत. एका संघात पंधरा मुली धरल्या, तर पाच हजारांच्या वर खेळाडू झाल्या. 2024 साली डब्ल्यूएनबीएच्या निवडप्रक्रियेत जागा होत्या 36. निवडल्या गेलेल्या सगळ्याच संघात टिकतात असंही नाही. तेव्हा बहुतेक मुलींसाठी कॉलेजचा शेवटचा सामना हाच मोठ्या मैदानावरचा शेवटचा सामना. पदवी मात्र जन्मभर सोबत राहते.

आता भुलवणाऱ्या गोष्टी. कठोपनिषदात यम नचिकेताला श्रेय आणि प्रेय असा भेद सांगतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे यम हत्ती, घोडे, सोनं देऊ करतो. इथे मुलगी कॉलेज बघायला जाते, तेव्हा तिच्या नावाचा गणवेश तयार असतो, चकचकीत व्यायामशाळा दाखवतात, भरलेल्या स्टेडियममध्ये पुढच्या रांगेत बसवतात. जुलै 2021पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या जाहिरातींतून पैसे मिळवता येतात. 2025च्या जूनमध्ये न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीमुळे कॉलेजांनाही थेट मोबदला देता येऊ लागला. पैसा वाईट, असं मी म्हणत नाही. वर्षानुवर्षं या मुलींच्या खेळावर दुसऱ्यांनीच कमावलं. पण पैसा हे एक कारण आहे, एकमेव कारण नव्हे.

मग विचारायचं काय? मला पाच प्रश्न महत्त्वाचे वाटले.

पहिला : माझ्या जागेवर आत्ता कोण खेळतं, आणि ती कुठल्या वर्षाला आहे? मुलगी पॉइंट गार्ड असेल आणि संघात आधीच दोन चांगल्या पॉइंट गार्ड असतील, तर दोन वर्षं बाकावर बसायची तयारी हवी. 2021पासून खेळाडूंना एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलता येऊ लागलं. त्यामुळे आज रिकामी दिसणारी जागा उद्या दुसऱ्या कॉलेजातून आलेली अनुभवी खेळाडू भरू शकते. म्हणून जोडीला हेही विचारावं, की गेल्या तीन वर्षांत इथून किती मुली सोडून गेल्या?

दुसरा : प्रशिक्षक हरल्यावर कसे वागतात? सामना बघून हे कळत नाही. सराव बघावा. आणि बोलावं ते संघातल्या तारकेशी नव्हे, सगळ्यात कमी खेळणाऱ्या मुलीशी. तिला कसं वागवतात, यावरून त्या घराची रीत कळते.

तिसरा : मला जे शिकायचं आहे ते इथे खरोखर शिकता येईल का? नियमानं हंगामात आठवड्याला वीस तासांचाच सराव. पण त्यात प्रवास धरत नाहीत. प्रयोगशाळा दुपारी, सरावही दुपारी, मग विषय बदलायचा कुणी? टेनेसी विद्यापीठाच्या पॅट समिट यांनी 38 हंगामांत आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. पण त्यांच्याबद्दल तितक्याच आदरानं सांगितलं जातं ते हे, की त्यांच्याकडे पूर्ण काळ खेळलेल्या प्रत्येक मुलीनं पदवी पूर्ण केली.

चौथा : उद्या गुडघा गेला तर? पेज बेकर्स ही कनेक्टिकटची अतिशय गुणी खेळाडू. 2022मध्ये तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, अख्खा हंगाम गेला. ती परतली आणि 2025मध्ये विजेतीही झाली. पण सगळ्याच परतत नाहीत. शिष्यवृत्ती एका वर्षाची देता येते, तशी अनेक वर्षांचीही. आपली कुठली, हे कागदावर बघावं. आणि स्वतःला विचारावं, एकही सामना खेळता आला नाही, तरी मला इथे राहायला आवडेल का?

पाचवा प्रश्न घराचा, आणि इथे जरा थांबू या. एलेना डेल डॉन ही 2008 सालची देशातली सर्वोत्तम शाळकरी खेळाडू. तिनं कनेक्टिकट निवडलं. सगळ्यांच्या मते निर्विवाद योग्य निवड. दोन दिवसांत ती डेलावेअरला घरी परतली. तिची थोरली बहीण जन्मापासून दृष्टिहीन आणि कर्णबधिर. फोन नाही, पत्र नाही. स्पर्श आणि गंध, एवढाच दोघींमधला संवाद. दूर राहून तो होणार कसा? ती घराजवळच्या डेलावेअर विद्यापीठात गेली, एक वर्ष चक्क व्हॉलीबॉल खेळली, मग बास्केटबॉलकडे परतली. तिनं सोडलेला कनेक्टिकटचा संघ पुढचे दोन हंगाम एकही सामना न हरता विजेता ठरला. तिचं चुकलं का? 2013च्या व्यावसायिक निवडीत तिला दुसरा क्रमांक मिळाला, पुढे दोनदा ती डब्ल्यूएनबीएची सर्वोत्तम खेळाडू ठरली. पण मी तर म्हणेन, हे काहीही झालं नसतं तरी तिचं चुकलं नव्हतं.

आता तत्त्वज्ञानाची अडचण. एल. ए. पॉल या अमेरिकी तत्त्वज्ञ विदुषीचं 2014मध्ये एक पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : काही अनुभव माणसालाच बदलतात. अनुभव घेण्याआधी तो कसा आहे हे कळत नाही, आणि घेतल्यावर आपल्या आवडीनिवडी पूर्वीच्या राहत नाहीत. मग सतरा वर्षांच्या मुलीनं एकविसाव्या वर्षीच्या स्वतःसाठी कसं निवडायचं? ती अजून अस्तित्वातच नाही! म्हणून, "मी तिथे किती सुखी होईन?" या प्रश्नाला उत्तर नाही. "तिथे राहून मी कशी व्यक्ती होईन, आणि ती मला चालेल का?" याचा मात्र विचार करता येतो. तिथल्या चौथ्या वर्षाच्या मुलींकडे बघावं. तेच थोडंफार आपलं भविष्य असतं.

त्या विद्यार्थ्याला मी एवढंच सांगितलं. "प्रश्न मी देते, उत्तरं तिला शोधू दे. तू गाडी चालव आणि गप्प बस." त्याला ते जड गेलं. बापच तो! मुलीला नर्सिंग करायचं होतं. चारांपैकी एका कॉलेजानं दुसरी शाखा घे म्हणून सुचवलं, ते तिनं वगळलं. शेवटी घेतलं ते त्यातल्या त्यात कमी नावाचं.

पहिलं वर्ष संपलं आणि तिला घेऊन येणारा प्रशिक्षकच मोठ्या पगारावर दुसरीकडे गेला. पुन्हा फोन. आवाज पडलेला. "मॅडम, आपलं चुकलं का हो?" मी विचारलं, "ती काय म्हणते?" तर ती म्हणत होती, मी राहते. नर्सिंग आहे, मैत्रिणी आहेत. नव्या प्रशिक्षिका तिला सामन्यात जेमतेम दहा मिनिटं खेळवतात. ती रडतेही, आणि सकाळी सरावालाही जाते.

इथे आपली नेहमीची गफलत होते. फळ मनासारखं मिळालं नाही, की आपण निर्णयालाच चुकीचा ठरवतो. निर्णय तपासायचा तो घेताना जे माहीत होतं त्यावर. प्रशिक्षक जाणार हे तिला माहीत नव्हतं. पण तो गेला तरी उरेल असं काहीतरी तिनं निवडलं होतं. चांगल्या निवडीची याहून मोठी कसोटी मला तरी सापडलेली नाही.

आपल्याकडेही दहावी-बारावीनंतर घराघरात हेच चालतं. चेंडू नसतो, एवढंच. थांबते. आता तुमचे प्रश्न येऊ द्यात.