नाचणाऱ्यांचा गुन्हा आणि कायद्याची नजर

'रेव्ह पार्टी' हा शब्द मराठी माणसाच्या घरात शिरला तो पोलिसांच्या छाप्याचा हात धरून. मार्च २००७ मध्ये पुण्याजवळ सिंहगडाच्या पायथ्याशी, डोणजे परिसरात पोलिसांनी रात्री छापा घातला आणि पावणेतीनशेच्या आसपास तरुण-तरुणींना ताब्यात घेतले. तेव्हापासून रेव्ह म्हणजे अमली पदार्थ, रेव्ह म्हणजे श्रीमंतांची बिघडलेली पोरे, रेव्ह म्हणजे पाश्चात्त्य विकृती, असे समीकरण आपल्याकडे पक्के झाले. पण ही तथाकथित विकृती कोणी जन्माला घातली, कोणत्या वस्तीत आणि कशासाठी, हे सांगण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. ते सांगितले असते तर प्रस्थापितांचीच पंचाईत झाली असती. कारण हे संगीत गोऱ्या धनदांडग्यांच्या दिवाणखान्यात जन्मले नाही. ते अमेरिकेतील काळ्या, गरीब आणि समाजाने हाकलून दिलेल्या माणसांनी घडवले.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा लेख नशेची वकिली करण्यासाठी नाही. पंचशीलातील पाचवे शील आपल्याला मादक पदार्थांपासून दूर राहायला सांगते आणि बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. मात्र पंचशीलात नृत्य-गायनाला बंदी नाही. ती अष्टशीलात आहे आणि गृहस्थासाठी उपोसथाच्या दिवसापुरती आहे. नशा वेगळी आणि नाच वेगळा. हा फरक बुद्धधम्माला कळतो. जगभरच्या सरकारांना मात्र तो अनेकदा कळलेला नाही, किंवा सोयीस्करपणे कळून घ्यायचा नव्हता!

आता मुळाकडे जाऊ. शिकागो शहरात १९७७ मध्ये 'वेअरहाऊस' नावाचा क्लब सुरू झाला. नावाप्रमाणेच ते जुने गोदाम. तिथे फ्रँकी नकल्स हा काळा तरुण रेकॉर्ड वाजवी. येणारे बहुसंख्य काळे आणि लॅटिन वंशाचे, त्यातही बरेचसे समलिंगी. गोऱ्यांच्या क्लबात त्यांना मान नव्हता आणि स्वतःच्या समाजातही अनेकांना जागा नव्हती. 'हाऊस' या संगीतप्रकाराचे नाव याच गोदामावरून पडले, असे मानले जाते. त्याच शिकागोत १२ जुलै १९७९ रोजी बेसबॉलच्या मैदानावर एका रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग रचून तो स्फोटाने उडवून देण्यात आला. सुमारे पन्नास हजार लोक हजर होते. मैदानावर काम करणारा व्हिन्स लॉरेन्स हा काळा मुलगा पुढे हाऊस संगीताच्या पहिल्या निर्मात्यांपैकी एक झाला. त्याने नंतर सांगितले की लोकांनी आणलेल्या सगळ्याच रेकॉर्ड डिस्कोच्या नव्हत्या. काळ्या कलावंतांच्या कितीतरी इतर रेकॉर्डही त्यात होत्या. जाळायचे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

डेट्रॉइटची कथा तशीच आहे. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्तीचे हे मोटारींचे शहर १९९० पर्यंत दहा लाखांवर आले. कारखाने गेले, गोरे उपनगरांत गेले, मागे काळी वस्ती आणि बेकारी उरली. त्या शहराजवळच्या बेलव्हिलच्या शाळेत शिकलेल्या हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन साँडरसन या तीन काळ्या तरुणांनी यंत्राच्या आवाजातून 'टेक्नो' उभे केले. बापांच्या हातचे काम यंत्रांनी काढून घेतले होते. पोरांनी त्याच यंत्राला गायला लावले! रोलँड कंपनीचे ३०३ हे छोटे वाद्य बाजारात पडले होते. ते जुन्या मालात स्वस्तात मिळे म्हणून अशा पोरांच्या हाती आले आणि १९८७ मध्ये शिकागोच्या 'फ्युचर' या गटाने त्यातून 'ॲसिड हाऊस' काढले. गंमत म्हणजे त्याआधी पाच वर्षे, १९८२ साली, मुंबईच्या चरणजीत सिंग या फिल्मी वादकाने हेच वाद्य घेऊन दहा रागांची एक तबकडी केली होती. ती तेव्हा चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाल्यावर जगाने तोंडात बोट घातले. शिकागोच्या पोरांनी ती ऐकली होती असे नाही. पण नवनिर्मितीवर कोणा एका वर्णाची मक्तेदारी नसते, हे त्यातून सिद्ध होते.

काळ्यांच्या या इतिहासाशी आपले नाते नवे नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या आणि अस्पृश्यांच्या प्रश्नातील साम्य सांगितले होते. १९७२ मध्ये दलित पँथरने तर नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. म्हणून ही कथा आपण परक्याची म्हणून वाचू नये.

शिकागो-डेट्रॉइटचे हे संगीत ब्रिटनमध्ये पोहोचले आणि तिथे त्याचे 'रेव्ह' झाले. १९८८ चा उन्हाळा तिथले लोक अजून आठवतात. त्यांच्या आठवणींत बेकार मजूर येतो, कॉलेजचा पोरगा येतो, फुटबॉलच्या मैदानावर एकमेकांची डोकी फोडणारे दोन संघांचे पाठीराखे गळ्यात गळा घालून नाचताना येतात. पार्टीची जागा शेवटच्या क्षणापर्यंत गुप्त असे. ठरलेल्या नंबरवर फोन केला की ध्वनिमुद्रित निरोप मिळे आणि लंडनभोवतीच्या एम-२५ रस्त्यावरून मोटारींचा तांडा एखाद्या रिकाम्या गोदामाकडे किंवा शेताकडे निघे. थॅचरबाईंच्या राज्यात कामगार संघटना मोडल्या होत्या, गिरण्या-खाणी बंद पडल्या होत्या. त्या ओसाड जागांत ही पोरे जमत होती. मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टनच्या माळावर हजारोंचा मेळा आठवडाभर चालला आणि सरकारचे पित्त खवळले. तेरा जणांवर कटाचा खटला भरला. चाळीस लाख पौंडांच्या घरात खर्च झाला आणि १९९४ मध्ये सगळे निर्दोष सुटले.

न्यायालयात हरल्यावर सरकारने कायदाच बदलला. १९९४ च्या फौजदारी न्याय व सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यातील कलम ६३ वकिलाने जरूर वाचावे. रात्री उघड्यावर शंभर माणसे जमली आणि एकामागून एक पुनरावृत्त होणारे ठोके हेच ज्याचे प्रमुख लक्षण असे संगीत मोठ्याने वाजले, तर पोलिसांना जमाव उठवता येईल. २००३ मध्ये हा आकडा वीसवर आणला आणि उघड्यावरची अटही काढली. संगीताच्या ठेक्याची व्याख्या कायद्यात! अक्षरशः लावायची म्हटली तर आपली हलगी, ढोलकी आणि लेझीमही तीत बसतील. 'ऑटेकर' या ब्रिटिश जोडीने कायदा येऊ घातला असतानाच एक रेकॉर्ड काढली. तिच्यातील एका रचनेत कोणताही ठेका जसाच्या तसा पुन्हा येत नाही आणि ती वाजवताना सोबत वकील व संगीततज्ज्ञ ठेवावा, असा सल्लाही दिला. वकिलांचा असा सन्मान क्वचितच होतो!

पण थट्टा बाजूला ठेवू. गोऱ्या पोरांच्या रेव्हवर १९९० च्या दशकात जो वरवंटा फिरला, तो काळ्यांच्या घरगुती नाचगाण्यांवर त्याआधी अनेक वर्षे फिरत होता. पुढेही लंडन पोलिसांनी २००५ मध्ये 'फॉर्म ६९६' आणला. कार्यक्रमात कोणते संगीत वाजणार आणि कोणत्या वंशाचे लोक येणार, असे प्रश्न त्यात सुरुवातीला होते. टीका झाल्यावर वंशाचा प्रश्न काढला, तरी फॉर्म रद्द व्हायला २०१७ उजाडले.

जर्मनीत वेगळेच घडले. जुलै १९८९ मध्ये पश्चिम बर्लिनच्या रस्त्यावर दीडशेच्या आसपास लोक गाडीवर स्पीकर लावून नाचत निघाले. त्यांनी परवानगी मागितली ती नाचाची नव्हे, निदर्शनाची. नाचणे हीच आमची राजकीय मागणी, असा पवित्रा. चार महिन्यांनी भिंत पडली. पूर्व बर्लिनमध्ये मालकीचा पत्ता नसलेल्या इमारती मोकळ्या पडल्या होत्या. त्यांत पूर्व-पश्चिमेची पोरे पहिल्यांदा एकत्र नाचली. १९९१ मध्ये सुरू झालेला 'ट्रेझर' क्लब वेर्टहाइम या जुन्या दुकानाच्या तळघरातील तिजोरीत होता. ज्यू कुटुंबाचे ते दुकान नाझी राजवटीत हिरावले गेले होते. तिथे डेट्रॉइटच्या काळ्या कलावंतांना मान मिळाला, तो त्यांच्या स्वतःच्या देशात मिळाला नव्हता. निदर्शनाचा दर्जा २००१ मध्ये काढून घेतला गेला. लोकांचा मेळा जाहिरातदारांचा झाला. २४ जुलै २०१० रोजी डुइसबर्गमध्ये त्याच 'लव्ह परेड'मध्ये चेंगराचेंगरीत एकवीस जण मेले आणि २०२० मध्ये खटला कोणालाही दोषी न ठरवता बंद झाला. परवानगीचा कागद होता, पण माणसांच्या जिवाची जबाबदारी घ्यायला कोणी नव्हते.

देश बदलला की कायद्याचा प्रश्न बदलतो. इंग्लंडने विचारले, ठोके किती? जर्मनीने विचारले, हे निदर्शन की करमणूक? जपानने विचारले, वेळ काय? तिथल्या १९४८ च्या कायद्याखाली परवान्याशिवाय लोकांना नाचू देणे गुन्हा होता. ओसाकातील एका क्लबचालकावर २०१२ मध्ये खटला झाला, तो सुटला आणि २०१५ मध्ये कायदा बदलावा लागला. न्यूयॉर्कने तर १९२६ पासून २०१७ पर्यंत नाचासाठी परवाना मागितला आणि त्या कायद्याचा काच हार्लेमच्या काळ्या वादकांना सर्वाधिक बसला. जॉर्जियाच्या तिबिलिसी शहरात मे २०१८ मध्ये शस्त्रधारी पोलीस क्लबांत घुसले, तेव्हा हजारो तरुण संसदेसमोर जाऊन नाचले आणि गृहमंत्र्यांना माफी मागावी लागली.

आपल्याकडे गोव्यात हणजुणे-वागातोरच्या किनाऱ्यावर हिप्पींच्या काळापासून पौर्णिमेच्या रात्री नाच चाले. तिथून 'गोवा ट्रान्स' नावाचा प्रकार जगभर गेला. नाव गोव्याचे, पण नाचणारे आणि वाजवणारे बहुतेक परदेशी. गोवेकर बाई चटई अंथरून, दिवा लावून चहा विकत बसलेली. गावकऱ्यांची झोप उडे, हीही खरी तक्रार होती. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी घातली. पण डिसेंबर २००७ पासून कांदोळीच्या किनाऱ्यावर प्रायोजकांचा 'सनबर्न' महोत्सव सुरू झाला आणि तोच ठेका पर्यटन ठरला. म्हणजे आपला कायदा तिसराच प्रश्न विचारतो: तिकीट कोणाच्या खिशात जाते?

हा प्रश्न आपल्या वस्तीपर्यंत येतो. दरवर्षी एप्रिलमध्ये जयंती मंडळांचे तरुण माझ्याकडे येतात. कुणाचा साउंड जप्त झालेला, कुणाला तोंडी नकार मिळालेला. कायदा सगळ्यांना सारखा हवा, मग तो गणपतीचा मांडव असो, महोत्सव असो वा भीमजयंती. तरुणांनी एवढे करावे: अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, नकार लेखी मागावा. वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री दहा ते बारा सवलत देता येते. त्या यादीत १४ एप्रिल आहे की नाही, ते आधी तपासावे. शांततेने जमण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ ने दिलेला आहे, तो पोलीस ठाण्याची मेहेरबानी नाही. आणि आवाजाची मर्यादा आपणही पाळावी. शेजारच्या आजाऱ्याचा आणि परीक्षेला बसलेल्या पोराचाही हक्क आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १९६९ मध्ये 'द विन्स्टन्स' या अमेरिकन बँडच्या ग्रेगरी कोलमन या काळ्या ढोलवादकाने सहा-सात सेकंदांचा एक ठेका वाजवला. पुढे ब्रिटनच्या रेव्हमध्ये आणि जगभर हजारो गाण्यांत तो उचलला गेला. कोलमनला त्याचा एक पैसाही मिळाला नाही. २००६ मध्ये तो बेघर अवस्थेत मेला. मार्च २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नोला आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातले. वारसा बर्लिनचा झाला. डेट्रॉइटच्या पोरांचे काय?

हे दुखणे आपले आहे. तमाशाची ढोलकी कोणाच्या हातात होती आणि कलेचा मान कोणाच्या पदरात पडला? आमच्या शाहिरांची भीमगीते जयंतीला रिमिक्स होऊन वाजतात, कंपन्या विकतात, आणि लिहिणाऱ्याचे नाव कुठेच नसते. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकाराला स्वामित्वधनाचा असा हक्क दिला आहे, जो कंपनीला लिहून देता येत नाही. आपले किती शाहीर, किती गायकांची घरे हे जाणतात? प्रत्येक जिल्ह्यातील वकिलांनी आपल्या भागातील शाहिरांच्या वह्या, जुन्या कॅसेट, करारपत्रे गोळा करून हे काम हाती घ्यावे. येत्या जयंतीला डीजेवर पहिले गाणे लावण्याआधी ते कोणी लिहिले, कोणी गायले, हे माईकवरून मोठ्याने सांगावे. मग खुशाल नाचावे.

जय भीम!